मे महिन्यात नॉर्वे: सहा रात्रींत ऑस्लो, बर्गन आणि फियॉर्ड कसे बसवावेत?

दूरची_वाट (प्रश्न)

नमस्कार. येत्या वसंत ऋतूत आम्ही चौघे जण नॉर्वेला जाण्याच्या विचारात आहोत: मी, माझे यजमान, आमची बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सुट्ट्यांचे गणित असे जुळते आहे की हातात सहा रात्री येतात, त्याहून अधिक नाहीत. सासूबाई सपाटीवर तासभर सहज चालतात, परंतु गुडघ्यांमुळे मोठा चढ आणि फार पायऱ्या त्यांना झेपत नाहीत.

फियॉर्ड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या, पाहणे हा प्रवासाचा मुख्य हेतू आहे. त्याच्या जोडीला ऑस्लो आणि बर्गन ही दोन्ही शहरे नीट पाहावीत, केवळ गाडी बदलण्यापुरती नव्हे, अशी इच्छा आहे. अडचण अशी की जसजसे वाचत जावे तसतशी यादी वाढत जाते. गेइरांगरफियॉर्डची छायाचित्रे पाहिली की तिकडे ओढ लागते, यजमानांना प्रेइकेस्टोलेनचा कडा चढायचा आहे आणि मुलीला फ्लोमच्या रेल्वेत बसायचे आहे. नकाशावर ही सारी ठिकाणे शेजारी-शेजारी वाटतात, पण प्रवासाचे तास मोजू लागले की हिशेब कोलमडतो.

म्हणून जाणकारांना विचारते. ईस्टरच्या सुट्टीत जावे की मे महिन्याच्या मध्यापर्यंत थांबावे? एवढ्या दिवसांत एकाहून अधिक फियॉर्ड पाहण्याचा अट्टहास करावा का? मोटार भाड्याने घेणे सोयीचे की रेल्वे आणि बोट पुरेशी आहेत? आणि रेल्वे, बोट व बस यांचे जे एकत्रित तिकीट मिळते ते घ्यावे, की प्रत्येक टप्प्याचे तिकीट स्वतंत्रपणे काढावे? ज्यांनी हा भाग पाहिला आहे किंवा जे तिथे राहतात, त्यांनी सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.


डोंगरकाठ

आपल्या प्रश्नांतला सर्वांत महत्त्वाचा भाग तारखांचा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. बाकीच्या पुष्कळशा गोष्टी त्यावरूनच ठरतील.

पश्चिम नॉर्वेत वसंत ऋतू सगळीकडे एकाच वेळी येत नाही, तो पाण्याच्या काठापासून हळूहळू वर चढत जातो. मेच्या मध्यावर फियॉर्डच्या काठची कुरणे हिरवीगार झालेली असतात आणि बर्चच्या झाडांना कोवळी पालवी फुटलेली असते, पण त्याच दिवशी १,२२२ मीटर उंचीवरच्या फिन्से स्थानकात आपली गाडी थांबते तेव्हा फलाटाच्या पलीकडे नजर जाईल तिथवर बर्फच असते आणि लोक पाठीवर स्की बांधून गाडीतून उतरताना दिसतात. हे दोन्ही ऋतू एका दिवसात पाहायला मिळणे हेच या काळातल्या प्रवासाचे खरे वैभव आहे, असे मी मानतो. मात्र त्यातूनच एक मर्यादाही येते. जे जे उंचावर आहे ते अजून हिवाळ्यातच असते. ट्रोलस्टिगेनचा वळणावळणांचा घाट साधारणपणे मेच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर उघडतो, औरलँड ते लार्डाल हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता त्याहूनही उशिरा मोकळा होतो, आणि फिन्सेहून फ्लोमकडे उतरणारी प्रसिद्ध सायकलवाट तर जुलैपर्यंत बर्फाखाली असते. तेव्हा वसंतातल्या प्रवासाची आखणी रेल्वेचा मार्ग आणि पाणी यांना धरूनच करावी. डोंगरावरचे रस्ते हिशेबात धरू नयेत.

ईस्टरचा विचार मी सोडून द्यायला सांगेन. त्या आठवड्यात निम्मा देश डोंगरावर स्की करायला गेलेला असतो, त्यामुळे ऑस्लो-बर्गन गाड्या भरलेल्या असतात, गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार हे सुट्टीचे दिवस असल्याने बहुतेक दुकाने बंद असतात, आणि फियॉर्डचे काठ अजून करड्या रंगाचेच असतात. याउलट मे महिन्यात डोंगरावरचे बर्फ वितळू लागते आणि धबधबे भरून वाहतात. ऑगस्टमध्ये जिथे कड्यावरून एक बारीक धार उतरताना दिसते, तिथे मेच्या अखेरीस पाण्याचा लोट कोसळत असतो. शिवाय मेच्या मध्यावर ऑस्लो आणि बर्गनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे सहा रात्रींचा प्रवास असला तरी उजेडाचे तास भरपूर मिळतात. अर्थात उत्तरध्रुवीय प्रकाश पाहण्याची आशा कोणी मनात बाळगत असेल तर ती मात्र आताच सोडावी, कारण त्यासाठी लागणारा अंधारच या दिवसांत नसतो.

आता फियॉर्ड. एकच निवडावा आणि तो सोग्नेफियॉर्डची शाखा असलेला नेरॉयफियॉर्ड असावा, असे माझे ठाम मत आहे. गेइरांगर अतिशय सुंदर आहे यात वाद नाही. हे दोन्ही फियॉर्ड २००५ मध्ये एकाच नोंदीखाली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पण गेइरांगरला जायचे तर बर्गनहून विमानाने ओलेसुंडला जाऊन पुढे रस्ता आणि बोट धरावी लागते, किंवा बसमध्ये जवळजवळ अख्खा दिवस घालवावा लागतो. सहा रात्रींतल्या दोन त्यातच खर्च होतील. प्रेइकेस्टोलेनसाठी स्टाव्हांगरला जावे लागते, आणि लिसेफियॉर्डवरच्या त्या ६०४ मीटर उंचीच्या कड्यापर्यंतची जाऊन-येऊन सुमारे ८ किलोमीटरची चाल सासूबाईंना शक्य नाही. म्हणजे कुटुंबाचे दोन गट पडणार. हे ठिकाण यजमानांनी पुढच्या वेळेसाठी राखून ठेवावे.

माझी सुचवणी अशी. ऑस्लोला उतरावे आणि बर्गनहून परतीचे विमान धरावे, म्हणजे मागे फिरण्यात दिवस जात नाही. पहिल्या दोन रात्री ऑस्लोत. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बर्गन गाडीने मिर्दालपर्यंत यावे, त्याला पावणेपाच तासांच्या आसपास लागतात. मिर्दालला त्याच स्थानकात फ्लोमची गाडी उभी असते. ही २० किलोमीटरची रेल्वे ८६७ मीटर उंचीवरून थेट फियॉर्डच्या पातळीपर्यंत उतरते, वाटेत २० बोगदे आहेत, आणि सर्वांत कठीण भागात दर १८ मीटरला १ मीटर असा उतार आहे. दातेरी रुळांचा आधार न घेता साध्या रुळांवरून एवढा उतार उतरणाऱ्या रेल्वे जगात फार थोड्या आहेत. क्योसफॉसेन धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते आणि फलाटावर उतरता येते. मे महिन्यात तिथे पाण्याचे तुषार थेट अंगावर येतात, तेव्हा कॅमेरा पुसायला कापड हाताशी ठेवावे.

ती रात्र फ्लोमला किंवा शेजारच्या औरलँडला काढावी. दुपारी फ्लोमहून बसने स्टेगास्टाइनच्या निरीक्षण-मंचावर जाता येते. डोंगराच्या कडेपासून ३० मीटर पुढे आलेला हा लाकडी मंच फियॉर्डपासून ६५० मीटर उंचीवर आहे आणि बस अगदी त्याच्याजवळ सोडते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. चौथ्या दिवशी बोटीने दोन तासांत गुडवांगेन, तिथून तासाभरात बसने वॉस, आणि वॉसहून सव्वा तासाच्या आसपास रेल्वेने बर्गन. उरलेल्या तीन रात्री बर्गनमध्ये.

या मार्गाला मोटारीची गरजच नाही. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात परत करायची म्हटल्यास भाडे बरेच वाढते, टोल आपोआप कापला जातो आणि त्याचा हिशेब मागाहून येतो, आणि चालवणाऱ्याचे लक्ष फियॉर्डपेक्षा बोगद्यांकडेच अधिक राहते. एकत्रित तिकीट आणि सुटी तिकिटे यांत गाड्या आणि बोटी त्याच असतात, फरक जुळवाजुळवीचा आहे. आपण फ्लोमला मुक्काम करणार असाल तर चुकामुकीची भीती मुळातच कमी होते, म्हणून सुटी तिकिटे घ्यावीत. ऑस्लो-मिर्दाल गाडीचे तिकीट विक्री सुरू होताच काढल्यास बरेच स्वस्त पडते, मात्र ती स्वस्त तिकिटे सहसा परत करता येत नाहीत.


सात_टेकड्या

मी बर्गनमध्येच राहते, त्यामुळे या बाजूने काही भर घालते आणि एका मुद्द्यावर वरील मताशी थोडी असहमतीही नोंदवते.

बर्गनचा पाऊस प्रसिद्ध आहे आणि तो खराच आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो. वसंताचे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात, तरीही मे महिन्यात सलग पाच दिवस ऊन मिळेल असे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच सोबत ज्येष्ठ व्यक्ती असताना मी फ्लोमचा मुक्काम टाळून बर्गनमध्ये सलग मुक्काम ठेवण्याचा पर्याय सुचवेन. ऑस्लोहून रेल्वेने थेट बर्गनला यावे, प्रवास साडेसहा ते सात तासांचा आहे, आणि मग हवामान पाहून जो दिवस कोरडा दिसेल त्या दिवशी वॉस, गुडवांगेन, बोट, फ्लोम, मिर्दाल आणि परत बर्गन अशी प्रदक्षिणा करावी. सकाळी लवकर निघून संध्याकाळी उशिरा घरी येता येते. सामान हॉटेलात राहते, सासूबाईंना बॅगा घेऊन गाडी, बोट आणि बस बदलाव्या लागत नाहीत, आणि फियॉर्डचा दिवस पावसात वाया जाण्याचा धोका कमी होतो. मेमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन-तीन दिवस आधीही तिकिटे सहसा मिळतात, भाव मात्र पूर्ण द्यावा लागतो. हवामानासाठी नॉर्वेच्या हवामान संस्थेचे आणि राष्ट्रीय प्रसारण संस्थेचे मिळून चालवलेले यर हे ॲप वापरावे. इथे सगळे त्याच्यावरच विसंबतात.

तारखा ठरवताना १७ मे लक्षात ठेवाच. १८१४ मध्ये या दिवशी आइड्सव्होल येथे नॉर्वेची राज्यघटना मंजूर झाली, आणि तो राष्ट्रीय दिन म्हणून ज्या मनापासून साजरा होतो तसा उत्सव मी क्वचितच पाहिला आहे. लष्करी संचलनाऐवजी शाळकरी मुलांच्या मिरवणुका निघतात. प्रत्येक शाळेचा स्वतःचा झेंडा आणि बँड असतो, आणि मोठी माणसे आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख घालतात. त्या पोशाखांवरचे चांदीचे दागिने आणि काठांवरचे भरतकाम जवळून पाहिले तर कोण कोणत्या खोऱ्यातला आहे हे जाणकार लगेच ओळखतात. आपल्या मुलीला हा दिवस आयुष्यभर लक्षात राहील. पण त्या दिवशी दुकाने आणि बरीच संग्रहालये बंद असतात, वाहतूक सुट्टीच्या वेळापत्रकाने चालते आणि हॉटेलांचे भाव चढलेले असतात. तेव्हा १७ मे शहरात थांबून अनुभवायचा असेल तर तसा ठरवून मुक्काम ठेवावा, त्या दिवशी प्रवास मात्र ठेवू नये. मे महिन्यात १ तारखेची सुट्टी असते, आणि ईस्टरच्या तारखेनुसार येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवारही बहुधा याच महिन्यात पडतो. तोही पंचांग पाहून टाळावा.

बर्गनमध्ये ब्रिग्गेन या बंदरावरच्या जुन्या लाकडी वस्तीला सगळेच जातात, परंतु बहुतेक जण बंदरासमोरच्या रंगीत दर्शनी भागाचे छायाचित्र काढून परततात. खरे ब्रिग्गेन आतल्या बोळांत आहे. दोन लाकडी इमारतींमधल्या अरुंद वाटेवर पायाखाली जाड फळ्या आहेत, डोक्यावरचे सज्जे एकमेकांकडे झुकलेले आहेत, आणि वरच्या मजल्यांच्या दारांपाशी माल उचलण्याचे दांडे अजून दिसतात. उत्तरेकडून येणारा सुकवलेला कॉड मासा आणि त्याच्या बदल्यात येणारे धान्य यांच्या व्यापारावर हॅन्सियाटिक संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी चौदाव्या शतकापासून चारशे वर्षे इथे बस्तान मांडले होते. आगीच्या भीतीने या लाकडी घरांत चूल किंवा दिवा पेटवायला मनाई होती, म्हणून स्वयंपाक आणि ऊब घेण्यासाठी मागच्या बाजूला वेगळी सभागृहे होती आणि मौल्यवान माल दगडी तळघरांत ठेवत. एवढी काळजी घेऊनही वस्ती वारंवार जळाली. आज दिसते ती मुख्यतः १७०२ च्या आगीनंतर जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभारलेली आहे. १९७९ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या फळ्या पावसात निसरड्या होतात, तेव्हा सासूबाईंना चांगल्या पकडीचे बूट असू द्यावेत.

फ्लोयेनच्या टेकडीवर १९१८ पासून चालणारी केबल रेल्वे शहराच्या मध्यातूनच निघते आणि काही मिनिटांत ३२० मीटरवर पोहोचवते. वरच्या वाटा रुंद आणि सौम्य आहेत. यजमानांना चढाईची हौस असेल तर त्यांनी उल्रिकेन, ६४३ मीटर, पायी चढावा आणि बाकीच्यांनी दोरवाटेने वर जाऊन त्यांना भेटावे. प्रेइकेस्टोलेनची बरोबरी होणार नाही, तरी पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढाई पाय चांगले दमवते आणि वरून शहर, बेटे आणि समुद्र एकदम दिसतात.

शेवटचा मोकळा दिवस मिळाल्यास तो हारडांगर फियॉर्डच्या परिसराला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेच्या उत्तरार्धात तिथल्या सफरचंद, नासपती, प्लम आणि चेरीच्या बागा फुलतात, विशेषतः ऊलेन्सवांग आणि लोफ्टहुस परिसरात, आणि फियॉर्डच्या पाण्यापासून डोंगराच्या उतारापर्यंत पांढऱ्या-गुलाबी फुलांचे पट्टे दिसतात, तर वर हिमनदीचे बर्फ असते. फुलण्याची नेमकी वेळ दरवर्षी थोडी मागेपुढे होते. तेवढ्या आत जाणे जमले नाही तरी बर्गनहून बसने दीड तासाच्या आसपास असलेल्या नूरहाइमसुंडला जाता येते. तिथल्या स्टाइन्सडाल्सफॉसेन धबधब्याच्या मागून पायवाट जाते आणि कोसळत्या पाण्याच्या आत उभे राहून बाहेरचे खोरे पाहता येते.


दूरची_वाट

दोघांचेही मनापासून आभार. ईस्टर, मोटार, गेइरांगर आणि प्रेइकेस्टोलेन हे चारही विषय आमच्यापुरते निकालात निघाले आहेत, आणि यजमानांनी उल्रिकेनवर समाधान मानले आहे. फ्लोमला राहावे की बर्गनहून एका दिवसात जाऊन यावे, हे मात्र अजून ठरत नाही. सामानाचा मुद्दा पटतो, पण एवढ्या लांब जाऊन फियॉर्डच्या काठी एक संध्याकाळही मिळू नये, हे मनाला लागते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. ऑस्लोसाठी दीड दिवस धरला तर काय पाहावे आणि काय सोडावे? आणि सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. त्यांची जेवणाची सोय कशी होईल?


काठावरचा

ऑस्लोत काही वर्षे नोकरीनिमित्त राहिल्यामुळे या दोन प्रश्नांची उत्तरे देतो.

ऑस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावरून शहरात येण्यासाठी एक जलद विमानतळ गाडी आहे आणि साध्या गाड्याही आहेत. दोन्ही मध्यवर्ती स्थानकातच येतात, वेळेत काही मिनिटांचाच फरक आहे आणि साध्या गाडीचे भाडे जवळपास निम्मे आहे, तेव्हा चौघांसाठी साधीच गाडी घ्यावी. शहरात संग्रहालये आणि वाहतूक मिळून जो ऑस्लो पास मिळतो तो विमानतळाच्या प्रवासाला लागू होत नाही. दिवसात तीन संग्रहालये पाहणार असाल तरच तो परवडतो.

पहिल्या संध्याकाळी स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावरच्या ऑपेरा हाउसला जावे. २००८ मध्ये उघडलेल्या या इमारतीचे पांढऱ्या संगमरवराचे छत पाण्याच्या काठापासून उतरणीने वर चढत जाते आणि त्यावर कोणालाही चालता येते. उतरण सौम्य आहे, पण दगडात मुद्दाम ठेवलेल्या लहान उंचवट्यांवर पाय अडखळतो, म्हणून सासूबाईंचा हात धरावा. ओले असेल तर त्यांनी वर न जाता आतल्या दालनात बसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळ विगेलांड उद्यानाला द्यावी. गुस्ताव विगेलांड या एकाच शिल्पकाराची दोनशेहून अधिक शिल्पे तिथे आहेत, प्रवेश मुक्त आहे आणि उद्यान कधीच बंद होत नाही. मधल्या एकसंध दगडी स्तंभावर एकमेकांत गुंतलेल्या १२१ मानवी आकृती कोरल्या आहेत. स्तंभापर्यंत पायऱ्या आहेत, पण पुलावरची कांस्यशिल्पे सपाटीवरून पाहता येतात आणि माझ्या मते तीच अधिक जिवंत आहेत. जन्मापासून वार्धक्यापर्यंतची माणसे तिथे आहेत, आणि तीन पिढ्यांनी मिळून पाहावे असे याहून चांगले ठिकाण ऑस्लोत नाही.

दुपारी मुलीसाठी बिग्डोय द्वीपकल्पावरचे फ्राम संग्रहालय घ्यावे. नान्सेन आणि आमुंडसेन यांनी ध्रुवीय मोहिमांत वापरलेले फ्राम हे मूळ जहाज तिथे अखंड ठेवले आहे आणि त्याच्या आतल्या खोल्यांतून फिरता येते. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचलेली आमुंडसेनची मोहीम याच जहाजाने अंटार्क्टिकाला गेली होती. बर्फाच्या दाबाने जहाज चिरडले न जाता वर उचलले जावे म्हणून त्याचा तळ गोलसर बांधला आहे, हे समोर उभे राहून पाहिले की लगेच उमगते. शेजारीच १९४७ मध्ये प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या कोन-टिकी तराफ्याचे संग्रहालय आहे. बिग्डोयला वसंतापासून शरदापर्यंत नगरसभागृहासमोरच्या धक्क्यावरून लहान बोट जाते, नाहीतर बस आहेच. व्हायकिंग जहाजांचे जुने संग्रहालय मात्र नव्या इमारतीच्या बांधकामासाठी २०२२ पासून बंद आहे, त्याची जुनी माहिती वाचून तिकडे जाऊ नये. चित्रकलेची आवड असेल तर २०२२ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात एडवर्ड मुंकच्या ‘किंकाळी’ची १८९३ ची रंगीत आवृत्ती आहे. मुंकच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय ऑपेराच्या मागेच आहे, पण दीड दिवसात दोन्ही करू नयेत.

शाकाहाराविषयी. दोन्ही शहरांत भारतीय, मध्यपूर्वेकडील आणि शाकाहारी उपाहारगृहे आहेत, तिथे प्रश्न नाही. अडचण येते ती रेल्वेत, बोटीवर आणि फ्लोमसारख्या लहान गावात. तिथे पर्याय मोजके असतात आणि केक-वॅफलमध्ये अंडे हमखास असते. त्यासाठी किराणा दुकानातून आधीच खरेदी करून ठेवावी: कुरकुरीत राईची पोळी, दही, फळे, सुकामेवा, आणि ब्रूनोस्ट नावाचे तपकिरी, किंचित गोड चीज. दुधाची निवळ आटवून ते करतात, त्याची चव खरवस आणि खव्याच्या मधली वाटेल, सासूबाईंना ते आवडण्याची शक्यता आहे. शाकाहार कडक पाळणाऱ्यांनी कोणतेही चीज घेताना वेष्टनावर रेनेटचा (दूध गोठवण्यासाठी वापरला जाणारा, बहुधा वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ) उल्लेख आहे का ते पाहावे. रविवारी मोठी किराणा दुकाने बंद असतात. कायद्याने फक्त शंभर चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना, तसेच स्थानकांवरच्या आणि पर्यटनस्थळांच्या काही दुकानांना उघडे राहता येते, म्हणून शनिवारीच सामान भरावे. नळाचे पाणी सर्वत्र पिण्यायोग्य आहे, पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचे काहीही कारण नाही. रोख क्रोनर फारसे लागत नाहीत, सगळीकडे कार्ड चालते.

एक कागदोपत्री बाब. नॉर्वे युरोपीय संघात नसले तरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी करता येतो, पण उन्हाळ्यापूर्वी भेटीच्या वेळा भरतात, म्हणून दोन-अडीच महिने आधीच तयारीला लागावे. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असणे आवश्यक आहे. सासूबाईंच्या वयामुळे विमा घेताना आधीपासूनच्या आजारांविषयीच्या अटी नीट वाचाव्यात.


डोंगरकाठ

फ्लोमच्या मुक्कामाचा प्रश्न उरला आहे, त्यावर लिहितो. सात_टेकड्या यांनी मांडलेली हवामानाची बाजू योग्य आहे आणि ज्यांना सामान उचलणे अवघड आहे त्यांच्यासाठी ती सोयीची आहे. तरीही आपल्या प्रवासाचा मुख्य हेतू फियॉर्ड असेल तर त्याला एका दिवसातले बोटीचे दोन तास देऊन भागत नाही, असे मला वाटते.

फ्लोम हे जेमतेम काही शे वस्तीचे गाव आहे. मोठी पर्यटक जहाजे धक्क्याला लागली की दिवसा ते गजबजून जाते. संध्याकाळी ती जहाजे निघून जातात, दिवसभराचे प्रवासी परतीच्या गाडीने गेलेले असतात, आणि उजेड मात्र अजून तीन-चार तास बाकी असतो. त्या वेळी धक्क्यापासून नदीच्या काठाने सपाट रस्ता आहे, त्यावर सासूबाईंना निवांत चालता येईल. समोरच्या उतारांवर बर्फाची हद्द कुठे संपते आणि हिरवा रंग कुठे सुरू होतो ती रेघ स्पष्ट दिसते. शेजारच्या उंड्रेडाल गावात माणसांपेक्षा शेळ्या अधिक आहेत, आणि चाळीसएक माणसे बसतील एवढे बाराव्या शतकातले लाकडी चर्च आहे. वेळ जुळल्यास तेही पाहावे.

बोटीत बसण्याआधी फियॉर्ड कसा घडला ते मुलीला सांगून ठेवावे, म्हणजे ती केवळ देखावा पाहणार नाही. हिमयुगांत मुख्य हिमनदीने हे खोरे समुद्रसपाटीच्याही खूप खाली कोरत नेले. सोग्नेफियॉर्ड सर्वांत खोल ठिकाणी तेराशे मीटरहून अधिक खोल आहे, पण जिथे तो समुद्राला मिळतो तिथे बर्फाचा दाब ओसरल्याने तळ बराच उथळ राहिला. बाजूच्या लहान हिमनद्यांना तेवढे खोल कोरता आले नाही, म्हणून त्यांची खोरी आज उंचावर लटकल्यासारखी राहिली आहेत आणि त्यांचे पाणी कड्यावरून थेट खाली पडते. नेरॉयफियॉर्डमध्ये हे सर्वांत चांगले दिसते, कारण तो सर्वांत अरुंद ठिकाणी केवळ २५० मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंचे कडे हजार मीटरहून उंच आहेत. फ्लोमहून निघाल्यावर पहिला भाग औरलँडफियॉर्डचा, रुंद आणि मोकळा असतो. मग बोट डावीकडे वळते आणि दोन्ही काठ एकदम जवळ येतात. ते वळण येण्याआधी डेकवर जाऊन उभे राहावे. या मार्गावर २०१८ पासून पूर्णपणे विजेवर चालणारी बोट आहे. इंजिनाचा आवाज नसल्याने धबधब्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, आणि बाहेरची मार्गिका उतरणीची असल्याने पायऱ्या न चढता वेगवेगळ्या पातळ्यांवर जाता येते. तिकीट काढताना कोणती बोट आहे ते पाहून घ्यावे. पाण्यावर वारा बोचरा असतो, तेव्हा लोकरीचा आतला थर, त्यावर उबदार जॅकेट, सर्वांत वर पाणी आणि वारा अडवणारा थर आणि कानटोपी चौघांनाही लागेल, खाली १५ अंश तापमान असले तरी.

सामानासाठी तोडगा असा की मोठ्या बॅगा आणूच नयेत. चौघांत दोन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या पिशव्या एवढेच ठेवल्यास मिर्दालचा फलाट, फ्लोमचा धक्का आणि गुडवांगेनचा बसथांबा हे तिन्ही बदल काही पावलांचे आहेत. पावसाच्या बाबतीत एवढेच सांगतो की फ्लोम समुद्रापासून बरेच आत असल्याने तिथे बर्गनपेक्षा पाऊस पुष्कळच कमी पडतो, आणि नेरॉयफियॉर्डचे कडे ढगांत अर्धवट बुडालेले असतानाही पाहण्यासारखे असतात.

आरक्षणाचा क्रम असा ठेवावा: आधी फ्लोम किंवा औरलँडची खोली, कारण तिथे खोल्याच थोड्या आहेत, मग ऑस्लो-मिर्दाल आणि मिर्दाल-फ्लोम गाड्या, त्यानंतर बोट आणि गुडवांगेन-वॉस बस एकत्र, आणि शेवटी वॉस-बर्गन. व्हिसा हातात येईपर्यंत खोल्या रद्द करता येण्याजोग्या घ्याव्यात. तारीख पक्की करण्यापूर्वी फ्लोम बंदराचे जहाजांचे वेळापत्रक अवश्य पाहावे. ते आधीच प्रसिद्ध होते, आणि ज्या दिवशी एकही मोठे जहाज येणार नाही असा दिवस मे महिन्यात शोधला तर सापडतो.